वाक्य खरं पाहिजे

आमच्या शाळेत गुड मॉर्निंग म्हणायचं की नाही, हे रोज दारात उभं राहून ठरायचं. गुरुजी चपला काढायचे, वर बघायचे आणि पोरांना विचारायचे, "काय? आहे का गुड?" पोरंही वर बघायची. ऊन पडलेलं असलं, कुणाची शेळी व्यालेली असली, आज खिचडीत वाटाणे पडणार अशी आतली खबर असली, की सगळी पोरं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "गुड मॉर्निंग, गुरुजी!" ज्या दिवशी पत्रा गळत असे किंवा वाडीत कुणी आजारी असे, त्या दिवशी नुसतंच "मॉर्निंग, गुरुजी." गुरुजीही हळू आवाजात "मॉर्निंग" म्हणत आणि हजेरी घ्यायला बसत. भिंतीवर मी हौसेनं रंगवलेली पाटी होती, 'से गुड मॉर्निंग विथ अ स्माइल.' तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

ही शाळा राजूरपासून वर, डोंगरातल्या एका वाडीची. दोन खोल्या, दोन शिक्षक, एक हातपंप आणि पहिली ते चौथी मिळून एकवीस पोरं. मी डी.एड. होऊन नुकताच लागलो होतो. मोबाईलमध्ये इंग्रजी शिकवायचे चाळीसेक व्हिडिओ भरून आणले होते आणि आपण या वाडीचं भलं करायला आलोय अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वाडीनं पहिल्याच आठवड्यात आम्हा दोघांची वाटणी करून टाकली. ते गुरुजी, मी सर. फरक कुणी सांगितला नाही, पण कळायचा. नवा तांदूळ निघाला की पहिली पिशवी गुरुजींच्या खोलीवर जायची. मला विचारायचे, "सर, तुमच्या मोबाईलला रेंज हाय का?"

गुरुजी उंच, वाळके, बारा महिने पँट घोट्याच्या वर दुमडलेली. खडू चष्म्याच्या डबीत ठेवायचे आणि चष्मा शर्टाच्या खिशात किल्ल्यांबरोबर, त्यामुळे काचांवर कायम ओरखडे. मी एकदा त्यांना ही उलटापालट सांगितली तर म्हणाले, "खडू मोडतो हो." मूळचे नगरचे, ख्रिस्ती. बायको नगरला एका दवाखान्यात नर्स होती, महिन्यातून एकदा एसटीनं जाऊन यायचे. नाताळात तिकडून केकचा डबा आणायचे आणि दोऱ्यानं त्याचे एकसारखे तुकडे पाडायचे. कुणाचा तुकडा मोठा निघाला तर त्यातलं जास्तीचं स्वतः खायचे, हा त्यांचा एकमेव भ्रष्टाचार.

इंग्रजीतला एकच काळ ते शिकवत, साधा वर्तमानकाळ. पहिलीला तोच, चौथीलाही तोच. मी एकदा हिंमत करून विचारलं, "गुरुजी, भूतकाळ कधी घ्यायचा?"

"यांचं वय काय, सर?"

"आठ-नऊ."

"मग भूतकाळ कशाला लागतोय एवढ्यात?" असं म्हणून ते हातपंपावर पाणी प्यायला गेले.

आणखी एक दिवस मी फळ्यावर 'राम गोज टू स्कूल' लिहिलं. मागून आवाज आला, "कोण राम?" म्हटलं, पुस्तकातला. गुरुजींनी हजेरीपट उघडला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "पटावर नाही." पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण राम पुसला आणि 'ओम गोज टू स्कूल' लिहिलं. पहिलीतला ओम उभा राहून अभिमानानं म्हणाला, "व्हय, मी रोज येतो."

तर हा त्यांचा नियम. वाक्य खरं पाहिजे. ज्याचं नाव घ्याल तो माणूस वाडीत असला पाहिजे आणि तो ती गोष्ट रोज करत असला पाहिजे. प्रत्येक पोराची एक वही होती, तिच्यात फक्त खरी वाक्यं. वाक्य वहीत जायच्या आधी त्याचा पडताळा व्हायचा, आणि त्यासाठी शनिवार राखून ठेवलेला. शनिवारी सकाळची शाळा, पहिला तास संपला की अख्खी शाळा रांगेनं बाहेर. 'द मिल ओपन्स ॲट एट' असं कुणी म्हटलेलं असलं की एकवीस पोरं आणि दोन शिक्षक पिठाच्या गिरणीपुढं उभे. गिरणीवाला कधी साडेआठला उगवायचा, कधी नऊला. दोन शनिवार त्याची फजिती झाली. तिसऱ्या शनिवारी तो पावणेआठला दार उघडून बसला होता आणि आम्हाला बघून ओरडला, "बघून घ्या वं गुरुजी, आन् ल्हिवा एकदाचं!" पुढं तो रोजच आठला उघडायला लागला. बायकांचा खोळंबा वाचला. त्यांनी श्रेय गिरणीवाल्याला दिलं.

या पडताळ्यातून मीही सुटलो नाही. वर्गात ऐटीत म्हणून गेलो होतो, 'आय गेट अप ॲट फाइव्ह.' दुसऱ्या दिवशी पाचला दारावर टकटक. गुरुजी कंदिलाएवढी मोठी बॅटरी घेऊन उभे. "काही नाही, सहज." असे सात दिवस सहज आले. आठव्या दिवशी मी पोरांसमोर वाक्य बदललं, 'आय गेट अप ॲट सेव्हन.' गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं टोमणा मारताहेत, पण त्यांना खरंच आनंद झाला होता.

मी, आम्ही, तू यांची वाक्यं पोरांना लवकर यायची. अडायचं ते दुसऱ्या कुणाविषयी बोलताना. ही ईट, शी गो. तो शेवटचा 'स' सगळ्यांचा गळायचा. मी व्हिडिओ दाखवले, तक्ते केले, रागावलो. गुरुजींनी ओढ्यातले पाच-सात गोटे आणून दारात ढीग करून ठेवला. तिसऱ्या माणसाविषयी बोलायचं तर आधी एक गोटा हातात घ्यायचा. 'स' म्हटला की खाली ठेवायचा. विसरला तर हातात तसाच. पोरं गोटा टाकायच्या घाईत 'स' म्हणायला शिकली. मी म्हटलं, "ही छान युक्ती आहे, गुरुजी." ते म्हणाले, "युक्ती नाही. दुसऱ्याविषयी बोलायचं म्हणजे थोडं वजन उचलायला नको?" असली वाक्यं ते केर काढता काढता टाकून द्यायचे.

आता काशिनाथभाऊंविषयी सांगायला हवं. ओम आणि तिसरीतली साक्षी या दोघांचे वडील, आणि आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. चाळिशीचा, खणखणीत आवाजाचा गडी. भाताची खाचरं चांगली, शब्दाला वजन. वाडीत कुणाचं भांडण झालं तरी यांना बोलावत आणि लग्न ठरलं तरी. सकाळच्या एसटीनं फाट्यावर पेपर उतरायचा, तो घ्यायला स्वतः जायचे आणि शाळेच्या ओट्यावर येऊन तो उघडून बसायचे. मी आलो की म्हणायचे, "काय सर, आज काय इशेष?" मग मी मोबाईलवरच्या बातम्या सांगायचो आणि ते पेपर पुढं धरून मान हलवायचे. मला ते जाणकार वाचक वाटायचे. समितीच्या ग्रुपवर मात्र ते कधी लिहीत नसत, आवाजच पाठवायचे. शाळेचे कागद पुढं केले की "कुठं करू?" एवढंच विचारून सही ठोकायचे. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मी आंधळा होतो.

त्या वर्षी राजूरच्या एका नव्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन वाडीच्या उतारापर्यंत यायला लागली. टाय घातलेली दोन-तीन पोरं तिच्यात दिसायला लागली. आमचा पट एकवीस. वीसच्या खाली गेला की शाळा बंद करून पोरं खालच्या गावच्या शाळेत घालणार, अशी बोलवा होती. खालचं गाव म्हणजे दीड तासाची पायपीट, मध्ये दोन ओढे. पहिलीदुसरीची पोरं घरीच बसली असती, हे सगळ्यांना कळत होतं.

एक दिवस काशिनाथभाऊंनी मला ओट्यावर बाजूला घेतलं. "सर, राग मानू नका. त्या शाळंची पोरं फाडफाड इंग्लिश बोलत्यात, म्या ऐकलंय. आमची साक्षी तीन वर्सं शिकतीया, पर 'गिरनी आठला उघडती' याच्या म्होरं गाडी जाईना. येत्या पालक सभंला तिला चार मान्सांत बोलू द्या. बरं बोलली तर ऱ्हाऊ द्या हितंच. न्हाईतर दोघांचं दाखलं काढतो."

दोघं गेली की पट एकोणीस. आणि काशिनाथभाऊ गेले की त्यांच्यामागं आणखी चार घरं जाणार. त्या रात्री मला झोप लागली नाही. गुरुजींना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बोलू द्या की, तिची वही आहे. वहीतलं काय बोलणार ती? शी वॉशेस द पॉट, द गोट ईट्स द पेपर? मी राजूरच्या बाजारातून इंग्रजी भाषणांचं पुस्तक आणलं. त्यात 'माय फादर' होतं. शाळा सुटल्यावर, गुरुजींच्या नकळत, मी ते साक्षीकडून पाठ करून घ्यायला लागलो. शेतकरी, कष्टाळू, भजनात टाळ वाजवणारे, असं बेतानं बदलूनही घेतलं. गुरुजींचा नियम अगदीच मोडू नये म्हणून एक वाक्य मी पदरचं घातलं, डोळ्यांनी रोज बघितलेलं. 'माय फादर रीड्स द न्यूजपेपर एव्हरी मॉर्निंग.'

पोरगी सगळं धडाधड म्हणायची आणि या वाक्याशी आली की अडायची. एकदा तिनं विचारलं, "सर, ह्ये म्हनलंच पाहिजे का?"

"अगं, यातलं सगळ्यात खरं तर तेच आहे," मी म्हणालो. ती पुन्हा पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागली.

सभेला ओटा भरला होता. पुढं खुर्चीवर काशिनाथभाऊ, मांडीवर पेपर. गुरुजी मागं सतरंजीवर इतिवृत्ताची वही घेऊन. मी साक्षीचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि वहीत तारीख घातली. साक्षी उठली, दारातल्या ढिगातून सवयीनं एक गोटा उचलला आणि मध्यभागी येऊन उभी राहिली.

"माय फादर इज अ फार्मर. ही वर्क्स इन द फील्ड. ही प्लेज टाळ इन द टेम्पल." एकही 'स' गळाला नाही. माझी छाती फुगली. मग ते वाक्य आलं. ती थांबली. मी ओठांनी 'रीड्स, रीड्स' करत होतो. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. गुरुजींकडं बघितलं आणि सावकाश म्हणाली, "माय फादर डज नॉट रीड. ही होल्ड्स द न्यूजपेपर. माय मदर रीड्स. ही लिसन्स."

गोटा खाली ठेवला आणि बसली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. काशिनाथभाऊ सगळ्यांत जोरात वाजवत होते. "वा गं माझी वाघीन! सर, आता मराठीत सांगा, काय काय बोलली ती."

तोंडात आलं ते बोललो. "म्हणाली, माझे वडील शेतकरी आहेत, शेतात राबतात, देवळात टाळ वाजवतात, आणि रोज सकाळी पेपर वाचतात."

पुन्हा टाळ्या. त्या विरल्या न विरल्या तोच साक्षीचा आवाज, "न्हाई सर. शेवटचं मी तसं न्हाई म्हनले."

"मंग कसं म्हनली?" काशिनाथभाऊ अजून हसतच होते. पोरगी खाली बघत होती. तिच्या आईनं पदर तोंडाशी नेला. काशिनाथभाऊ मागं वळले, "गुरुजी, तुमी सांगा."

गुरुजी उठून उभे राहिले. "मला त्याचं मराठी येतं, काशिनाथ. पण मी सांगणार नाही. ते तुमच्या घरातलं वाक्य आहे. घरी जाऊन तिला विचारा. ओरडू मात्र नका तिच्यावर. चूक शाळेची आहे."

तेवढ्यात मागं बसलेला बारावी झालेला एक जण फिस्सकन हसला. बस्स. काशिनाथभाऊंचं हसू मावळलं. त्यांनी एकदा त्या पोराकडं, एकदा मांडीवरच्या पेपराकडं बघितलं. पेपराची घडी घातली, आणखी बारीक घडी घातली, आणि दोन्ही पोरांना हाताला धरून ओटा उतरले. जाताना एवढंच म्हणाले, "दाखलं करून ठिवा, सर."

सभा उरकल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. पुस्तक, चोरून घेतलेली तालीम, सगळं. वाटलं होतं, आता ते फाडून खातील. त्यांनी पुस्तक मागून घेतलं, ओरखड्यांच्या चष्म्यातून ते भाषण पूर्ण वाचलं आणि परत दिलं. "वाक्यं चांगली आहेत. माणूस बघायचा राहिला तुमचा." मग बराच वेळ ते ढिगातले गोटे नीट रचत बसले. "माझाही राहिला म्हणा. खरं बोल, खरं बोल म्हणून शिकवलं पोरीला. ते खरं कुणाच्या अंगावर पडतंय ते बघ, हे शिकवलंच नाही. नऊ वर्षांचं लेकरू. तिला काय कळणार?" त्यांना चुकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच दिवशी मला ते मनापासून आवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी उताराखाली व्हॅनचा हॉर्न वाजला. आम्ही दोघं ओट्यावरून माना उंच करून बघत होतो. साक्षी आणि ओम व्हॅनकडे गेले नाहीत. पण शाळेतही आले नाहीत. दारात पोरांनी आभाळाकडं न बघताच "मॉर्निंग, गुरुजी" म्हटलं.

गुरुजी त्या दिवशी पहाटेच काशिनाथभाऊंच्या अंगणात जाऊन आले होते. तिसऱ्या दिवशी मीही बरोबर गेलो. वाटेत त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी नगरला एका स्पर्धेत ते इंग्रजीत बोलले होते. आमचं घर मोठं आहे, घराला बाग आहे, बागेत गुलाब आहेत. पहिलं बक्षीस मिळालं. घरी येऊन आईला भाषणाचा अर्थ सांगितला. ती दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायची, एका खोलीत सहा माणसं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आमी कुठं राहातो रं तुझ्या भाषणात?"



काशिनाथभाऊ पडवीत विळ्याला धार लावत होते. आमच्याकडं पाठ. वहिनींनी कोरा चहा आणला आणि हळूच म्हणाल्या, "पेपर मीच वाचून दावते, गुरुजी. चौथी झालीया माझी. ह्येंना ल्हानपनी गुरांमागं धाडलं, शाळंचं त्वांड न्हाई बघितलं. पोरीला कुनी बोललं न्हाई, काळजी नगा करू." साक्षी दाराआड उभी होती. गुरुजींनी चहा घेतला, कपबशी धुऊन पालथी घातली. मग त्या पाठीकडं बघून बोलले.

"काशिनाथ, माझ्या खोलीच्या आणि शाळेच्या मधल्या ओढ्याला पूर येतो तेव्हा मी शाळेतच मुक्काम करतो. वाडी म्हणते, गुरुजी कामाचे पक्के, पावसातसुद्धा शाळा बुडवत नाहीत. ते तसं नाही. मला पोहता येत नाही. तो ओढा ओलांडायची भयंकर भीती वाटते मला. पाणी चढायच्या आधीच येऊन बसतो. चौदा वर्षं झाली, कुणाला सांगितलं नाही. आता तुमच्याकडं ठेवा."

धारेचा आवाज थांबला. काशिनाथभाऊ वळले नाहीत. विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "मला ठावं हुतं. पान्याकडं बघताना तुमचं पाय बघितल्यात म्या."

"मग कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं त्यात?"

आम्ही परत आलो. त्या दिवशी शाळा भरायच्या आधी काशिनाथभाऊ दोन्ही पोरांना घेऊन ओट्याशी आले. मी दाखल्यांची वही काढायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"गुरुजी, पोरीच्या वहीत त्ये वाक्य ल्हिवलंय का?"

"नाही. पण तिनं लिहायचं म्हटलं तर मला अडवता येणार नाही. खरं आहे तोवर."

"मंग खोटं कसं करायचं त्ये?"

गुरुजींनी डबीतून एक अख्खा खडू काढला. "रोज नऊला या. पोरं यायच्या आत."

ते रोज नऊला यायला लागले. वाडीला सांगायचे, समितीचं काम निघालंय. गुरुजी त्यांना अ अननसाचा वगैरे शिकवत बसले नाहीत. पाटीवर रोज एक वाक्य, त्यांचंच, खरं. काशिनाथ खाचर बांधतो. काशिनाथ भांडण मिटवतो. काशिनाथला कारलं आवडत नाही. एवढा दांडगा माणूस, पण बोट अक्षरावर ठेवलं की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. अडला तरी गुरुजी सांगायचे नाहीत. खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. मला ते बघवायचं नाही, मी मध्ये तोंड घालायचो, तर मला पाणी आणायला पाठवायचे. लवकर आलेली पोरं हातपंपावर उगाचच हातपाय धूत बसायची. त्यांना सगळं ठाऊक होतं. एकानंही बाहेर शब्द काढला नाही. कुठलं वाक्य कधी बोलायचं नाही, हे ती त्या महिन्यांत शिकली, आणि ते आम्ही दोघांनीही शिकवलं नव्हतं.

गुरुजी पुढं निवृत्त होऊन नगरला गेले. मीही बदली होऊन गोदावरीकाठी पुणतांब्याकडच्या शाळेत आलो. इथं पट मोठा आहे, भिंतीवर टीव्ही आहे. अधूनमधून त्यांना फोन करतो. "काय करताय, गुरुजी?" असं विचारलं की ते खरंच काय करताहेत ते सांगतात, लसूण सोलतोय, बायकोची वाट बघतोय, आणि त्यापुढं एक शब्द नाही. गप्पा अशा होतच नाहीत. पण फोन ठेवल्यावर मला बरं वाटतं.

ते निवृत्त व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एक घर कामासाठी नारायणगावकडं गेलं आणि पट घसरून एकोणीस झाला. आठवड्याभरात वरच्या ऑफिसातून एक गृहस्थ मोटरसायकलवर आले. घाईत होते, त्यांना अजून तीन वाड्या करायच्या होत्या. फायलीतून छापील कागद काढून म्हणाले, "अध्यक्षांची सही पाहिजे. साधीच आहे. शाळा सुधारणेबाबत." मी काशिनाथभाऊंना बोलावून आणलं. गृहस्थांनी पेन उघडून हातात दिलं आणि बोट ठेवलं, "इथं."

काशिनाथभाऊंनी पेन घेतलं. मग कागद उचलला आणि ओट्याच्या कडेला, उजेडात जाऊन बसले.

"अहो, वाचायचं काही नाही त्यात," गृहस्थ म्हणाले.

"थांबा जरा."

बोट पहिल्या ओळीवर गेलं. ओठ हलत होते. जोडाक्षराशी बोट थांबायचं, मागं यायचं, पुन्हा पुढं जायचं. गृहस्थांनी दोनदा घड्याळ बघितलं. मी उठणार होतो, गुरुजींनी माझा हात धरून खाली बसवलं. कागद अर्ध्या पानाचा, पण तो संपायला केवढा वेळ लागला. शेवटची ओळ काशिनाथभाऊंनी मोठ्यानं वाचली, एकेक अक्षर सुटं करत. "स-द-र शा-ळा बं-द कर-ण्या-स... स-मि-ती-ची... ह-र-क-त... ना-ही."

मान वर केली. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा हातपंपावर खेळणाऱ्या पोरांकडं. पेनाला टोपण लावलं आणि कागदाबरोबर परत दिलं.

"हरकत हाय," ते म्हणाले.

गुरुजींनी तोंड भिंतीकडं केलं. चष्मा काढून ते शर्टाच्या टोकानं पुसत राहिले, पण डोळे आधी पुसायला हवे होते.

गृहस्थ वैतागले. "अहो, हरकत आहे तर तसं कारणासहित लेखी द्यावं लागतं. नुसतं बोलून कसं चालेल? द्या लिहून आत्ता."

काशिनाथभाऊ उठले, धोतराची धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाले, "वाचायपुरतं झालंय माझं, सायेब. ल्हिवायचं आजून चालू हाय. पुढल्या वर्सी या."